आडवी न आलेली शेळी

मागच्या जीपचा हॉर्न हिप्परवाडीच्या ओढ्यापासून वाजत होता. लिंबाजीला बाजू द्यायची नव्हती असं नाही. बाजू द्यायला जागाच नव्हती. डांबराचा पट्टा एका गाडीपुरता, आणि दोन्ही कडांचा मुरूम वाहून जाऊन हातहातभर खाच पडलेली. दूध संघाच्या गाडीत बेचाळीस कॅन उभे होते. चाक एकदा डांबराखाली उतरलं की कॅन एकमेकांवर आदळणार, झाकणं उडणार आणि चार गावांचं दूध फळ्यांमधून रस्त्यावर गळत जाणार. त्यात वैशाखाचं ऊन. उमरग्याच्या शीतकरण केंद्रावर नऊच्या आत पोचलं नाही, तर उरलेलंही नासणार.

सात वर्षं लिंबाजी ही गाडी चालवत होता. हिप्परवाडीच्या बौद्ध वस्तीतला तो पहिला पगारी ड्रायव्हर. लायसन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खाकी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा, आणि शर्ट धुवायला टाकताना बायकोला, सत्यभामेला, दर वेळी आठवण करायचा. सात वर्षांत त्याच्यामुळं एक कॅन दूध नासलं नव्हतं. बाया त्याच्या गाडीच्या आवाजावर चूल पेटवायच्या.

जीप नानासाहेबांची होती. ऐंशी एकर जमीन, दोन विहिरी, आणि साखर कारखान्याच्या मीटिंगा. जीप चालवायला ईरण्णा होता. पन्नाशीचा, शांत माणूस. उमरग्याच्या नाक्यावर लिंबाजीशी त्याचा रोज रामराम-जयभीम व्हायचा, आणि चहाच्या गाड्यावर दोघं टायरांबद्दल आणि डिझेलबद्दल बोलायचे.

पुढं रस्ता जरा रुंदावला तशी ईरण्णानं जीप मुरमावरून अर्धीअधिक दूधगाडीच्या बाजूला घेतली. नानासाहेबांनी डोकं बाहेर काढलं.

"ए लिंब्या! हॉर्न ऐकू येईना व्हय? रस्ता तुझ्या बापाचा हाय का रं?"

लिंबाजी काही बोलणार तेवढ्यात पुढं मोरी आली. मोरीवर एकाच गाडीला वाट. जीप परत मागं पडली, आणि हॉर्न पुन्हा सुरू झाला. आता मधे थांबतही नव्हता.

लिंबाजीच्या कानशिलात रक्त चढलं. हा रस्ता बहात्तरच्या दुष्काळात झाला. त्याची आई केशरबाई इथंच खडी फोडायला बसायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या, डोक्यावर पदर, दिवसभर ठकठक. बाप धुमस मारून खडी दाबायचा. त्या उन्हाळ्यात बापाच्या छातीत जी धूळ बसली ती निघालीच नाही; पुढच्या दिवाळीला तो गेला. रस्ता कुणाच्या बापाचा, हे विचारायचंच असेल तर उत्तर सोपं होतं.

मोरी ओलांडली. लिंबाजीनं आरशात बघितलं. जीप गाडीला चिकटल्यासारखी मागं होती, बोनेटसुद्धा धड दिसत नव्हतं. समोर रस्ता रिकामा होता. चिटपाखरू नव्हतं. त्यानं ब्रेकवर सगळा जोर देऊन पाय दाबला.

नंतर तो हा क्षण पुष्कळदा आठवून बघायचा. विचार करून केलं असं त्याला म्हणता यायचं नाही. पण आधी आरशात बघितलं होतं, तेव्हा विचार न करता केलं असंही म्हणता यायचं नाही. मनात एवढंच होतं, की जीप करकचून थांबेल, नानासाहेबांचं डोकं काचेवर टेकेल आणि माणूस जरा गप बसेल.

जीप थांबली नाही.

मागून आवाज आला तो पत्र्याचा होता. त्यावर कॅनचा गडगडाट झाला. लिंबाजी उतरून मागं धावला तेव्हा पायाखाली दूध होतं. जीपचं नाक दूधगाडीच्या मागच्या फळीखाली घुसलं होतं. नानासाहेब कपाळावर उपरणं दाबून रस्त्यात उभे होते. ईरण्णा मात्र स्टिअरिंगच्या मागंच होता. उजवा पाय गुडघ्यापासून पत्र्यात अडकलेला. तो ओरडत नव्हता. नुसता तोंड उघडून श्वास घेत होता.

"ब्रेक कशापायी मारलास रं?" नानासाहेब म्हणाले.

आणि लिंबाजीच्या तोंडून निघून गेलं, "शेळी आडवी आली."

तेवढ्यात शेतातली माणसं धावत आली. पहारीनं पत्रा वाकवून ईरण्णाला काढलं, फळीवर निजवलं. तोवर तीन जणांनी लिंबाजीला काय झालं म्हणून विचारलं होतं आणि तिघांनाही त्यानं तेच सांगितलं होतं. हवालदार पंचनाम्याला आला तेव्हा शेळी पक्की झाली होती. कागदावर उतरली. लिंबाजीनं खाली सही केली.

हवालदारानं टेप लावून अंतर मोजलं, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा लिहून घेतल्या. म्हणाला, "कायदा सरळ हाय. मागच्यानं अंतर ठिवायला पायजे. पुढच्याला कवाबी थांबावं लागतं."

गुन्हा ईरण्णावर दाखल झाला.

महिन्याभरानं लिंबाजी सोलापूरला ईरण्णाला भेटायला दवाखान्यात गेला. पाय वाचला होता, पण गुडघा कायमचा ताठ राहणार होता. ईरण्णाची बायको शरणम्मा खाटेजवळ जमिनीवर बसून भाकरी खात होती. लिंबाजीला बघून तिनं जागा करून दिली.

"नानासाब आलते का?" लिंबाजीनं विचारलं.

"एकडाव आलते," ईरण्णा म्हणाला. "दुसरा ड्रायव्हर बघितला म्हणून सांगून गेले. जीप दुरुस्त होऊन येईल, ती मोकळी कशी ठिवतील."

लिंबाजीनं आणलेली मोसंबी पिशवीतून काढून एकेक करून खिडकीत मांडली.

"तू कशापायी तोंड पाडतूस?" ईरण्णा म्हणाला. "जनावर आडवं आलं तर माणूस काय करील? म्या असतो तरी ब्रेकच मारला असता. चुकी माझी. अंतर ठिवायला पायजे होतं. तीस वर्सं गाडी चालवली, मला काय कळत न्हाय व्हय? पर मालक शेजारी बसून हॉर्नवर हात ठिवून होते. 'चिकटव, चिकटव' म्हणत होते."

"हॉर्न तुमी वाजवत न्हवता?"

"म्या? म्या कशाला वाजवू? तुझ्या गाडीत दूध हाय, मला दिसत न्हाय का?"

लिंबाजी तिथं आणखी थोडा वेळ बसला. सांगायचं होतं ते जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण शरणम्मा म्हणाली, "भाऊ, तुमी आलाव, लई बरं वाटलं. दुसरं कुनी आलं न्हाय." मग ते बोलणं तिथंच राहिलं. तो एस.टी.नं परत आला.

श्रावण कोरडा गेला. पोळ्यानंतर एके सकाळी हिप्परवाडीच्या थांब्यावर लिंबाजी कॅन चढवत असताना शांतम्मा समोर येऊन उभी राहिली. कर्नाटकाच्या हद्दीवरून लग्न होऊन आलेली, आता विधवा, पाच शेळ्यांवर पोट असलेली बाई. मोरीच्या आसपासच्या पडीक रानात तिच्याशिवाय कुणी शेळ्या चारत नव्हतं. आजवर लिंबाजीच्या हे ध्यानात कसं आलं नाही, याचं त्याला पुढं नवल वाटत राहिलं.

"यप्पा लिंबाजी," ती म्हणाली, "नानासाबानं माझ्या दोन शेळ्या नेल्या."

"का?"

"जीप मोडली म्हणं माझ्या शेळीनं. कागदावर शेळी हाय म्हणं. त्या रानात शेळ्या कुणाच्या? शांतम्माच्या. केस सुटंपर्यंत दोन शेळ्या त्यांच्या गोठ्यात. मंग बघू म्हणत्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्या त्या दिशी रानात न्हवतेच. लेकीकडं गेलते, मुरूम गावाला. पाची शेळ्या दारात बांधलेल्या. शेजारणीनं पाला टाकला, तिला इचार."

लिंबाजीनं हातातला कॅन खाली ठेवला.

"मला एवढंच सांग," शांतम्मा म्हणाली. "तुला कंची दिसली? काळी का पांढऱ्या ठिपक्यांची बांडी? दावं तोडून गेली आसंल तर मला कळाया पायजे."

"धूळ होती, मावशी," लिंबाजी म्हणाला. "नीट दिसलं न्हाय."

शांतम्मा त्याच्याकडं बघत राहिली. तिला राग आलेला नव्हता. उत्तर मिळेल म्हणून ती थांबली होती. मग म्हणाली, "बरं, यप्पा," आणि पायवाटेनं निघून गेली.

त्या दिवशी लिंबाजीनं दूध वेळेवर पोचवलं. केंद्रावर कॅन उतरवून तो थेट संघाच्या ऑफिसात गेला. सेक्रेटरी तात्यारावांना म्हणाला, "मला संघाच्या वकिलाला भेटायचंय."

तात्यारावांनी चष्म्यावरून बघितलं. "साक्षीची भीती वाटतीया का? काय भ्यायचं कारण न्हाय. केस त्याच्यावर हाय, तुझ्यावर न्हाय."

"तरी बी."

वकिलांचं घर कोर्टाच्या मागंच होतं. ते धोतरावर बनियन घालून सुपारी कातरत बसले होते. लिंबाजीनं दारातच सांगून टाकलं, "साहेब, शेळी न्हवती."

तात्याराव मागं उभे होते. त्यांनी घाईघाईनं दार लोटून घेतलं.

वकिलांनी अडकित्ता खाली ठेवला. रागावले नाहीत. मुलाला गणित समजावून सांगावं तसं सांगू लागले. "हे बघ, ब्रेक मारणं गुन्हा नाही. समोर खड्डा आला, जनावर आलं, लेकरू आलं, ब्रेक मारायलाच पाहिजे. पण समोर काही नसताना, मागच्याला धडा शिकवायचा म्हणून ब्रेक मारला, तर ते बेदरकारपणे वाहन चालवणं झालं. त्यात मागच्याचं हाड मोडलं, म्हणजे गंभीर दुखापत. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लायसन जाईल. आणि मुद्दाम केलं म्हटल्यावर विमा कंपनी हात वर करायला बघेल, मग ईरण्णा भरपाई मागेल ती संघाकडं आणि तुझ्याकडं. कळलं? शेळी आहे तोवर तू साक्षीदार. शेळी गेली की तू आरोपी."

"आणि ईरण्णा?"

"ईरण्णाला दंड होईल. फार तर थोडी शिक्षा. तसाही त्याच्यानं आता गाडी चालवणं होत नाही."

"आणि शांतम्माच्या शेळ्या?"

वकिलांना शांतम्मा माहीत नव्हती. तात्याराव म्हणाले, "लिंबाजी, शेळ्यांचं म्या बोलतो नानासाबाशी. तू डोकं चालवू नको. संघानं तुला सात वर्सं सांभाळलंय."

"म्या बी संघाचं दूध सांभाळलंय, साहेब," लिंबाजी म्हणाला. एवढं उलट तो पहिल्यांदाच बोलला असेल.

तात्यारावांनी नानासाहेबांकडं शब्द टाकला की नाही, ठाऊक नाही. शेळ्या काही आल्या नाहीत.

तारीख कार्तिकात लागली. सकाळी सत्यभामेनं इस्त्री केलेला शर्ट काढून दिला. सहा महिन्यांत तिनं त्याला त्या दिवसाबद्दल एकदाच विचारलं होतं, 'कुणाची शेळी वो?' आणि उत्तर आलं नाही तेव्हा पुन्हा विचारलं नव्हतं. थांब्यावरचं शांतम्माचं बोलणं मात्र वस्तीत सगळ्यांच्या कानावर गेलं होतं.

"काय सांगणार हाव?" तिनं विचारलं.

"अजून ठरलं न्हाय."

"सा म्हैने नीट जेवला न्हाईत तुमी. ठरलंय तुमचं." ती भाकरी फडक्यात बांधू लागली. "ह्या घ्या. लवकर सोडतील न सोडतील."

"नोकरी जाईल, सत्यभामा."

"जाईल," ती म्हणाली. "म्या खुरपायला जाते. उपाशी मरत न्हाय कुनी."

कोर्टात गर्दी नव्हती. आरोपीच्या पिंजऱ्यात ईरण्णा काठीला धरून उभा होता. न्यायाधीशांनी त्याला स्टूल द्यायला सांगितलं. ताठ पाय पुढं पसरून तो बसला. नानासाहेब मागच्या बाकावर होते. लिंबाजीनं शपथ घेतली. सरकारी वकिलांनी कागद चाळला आणि ठरलेला प्रश्न विचारला.

"तुमच्या गाडीसमोर शेळी आडवी आली, म्हणून तुम्ही ब्रेक लावलात. बरोबर?"

"न्हाय साहेब. शेळी न्हवती."

सरकारी वकिलांनी मान वर केली. "पंचनाम्यात तुमचा जबाब आहे."

"त्यो खोटा हाय. रस्ता मोकळा होता. मागनं हॉर्न वाजत होता, त्याचा मला राग आला. म्या आरशात बघितलं, जीप जवळ होती, आणि मुद्दाम ब्रेक मारला."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. "तुम्ही काय बोलत आहात ते तुम्हाला समजतंय का? तुमच्या या बोलण्यावरून तुमच्यावरच खटला होऊ शकतो."

"समजतंय साहेब. वकिलांनी समजावून सांगितलंय."

मागं कुणीतरी हसलं. संघाचे वकील उठून बाहेर गेले.

"मग आज का सांगता?"

लिंबाजीनं पिंजऱ्याकडं बघायचं टाळलं. "त्यांनी अंतर ठिवलं न्हवतं ही खरी गोष्ट हाय. पर त्यांना अंतर ठिवू दिलं जात न्हवतं, आणि जीप जवळ हाय हे बघूनच म्या ब्रेक मारला. राग दुसऱ्यावर होता. लागला त्यांना. आणि शांतम्माच्या शेळ्या त्या दिशी दारात बांधलेल्या होत्या. हेबी लिहा, साहेब."

न्यायाधीशांनी तेही लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात ईरण्णा शरणम्माच्या खांद्यावर हात टाकून हळूहळू चालला होता. लिंबाजी पुढं झाला. ईरण्णा थांबला, पण त्याच्याकडं न बघता भिंतीकडं बघत म्हणाला, "हे मला दवाखान्यात सांगायला पायजे होतंस."

"व्हय."

"म्या तुझी समजूत काढत बसलो. तुझी."

शरणम्मानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि दोघं पायऱ्या उतरू लागले. एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. चार पायऱ्यांना बराच वेळ लागला.

ईरण्णा सुटला. माघात लिंबाजीवर खटला उभा राहिला. त्यानं गुन्हा कबूल केला, त्यामुळं तो लांबला नाही. एक महिना साधी कैद, दंड आणि दोन वर्षं लायसन बंद. निकाल वाचताना न्यायाधीश म्हणाले, की स्वतः होऊन खरं सांगितलं म्हणून शिक्षा कमी आहे, पण रस्त्यावर राग काढायचं साधन म्हणून ब्रेक वापरायला कायदा कुणालाच मोकळीक देत नाही. लिंबाजीनं मान हलवली. ते त्याला पटलं होतं. हॉर्नवरच्या हाताबद्दल निकालात काही नव्हतं. कायद्यात तसलं काही कलम नसावं. कामावरून काढल्याची संघाची चिठ्ठी त्याच आठवड्यात आली. ईरण्णाच्या भरपाईचा दावा मात्र पुढं बरीच वर्षं वरच्या कोर्टात चालत राहिला.

शांतम्मा नानासाहेबांकडं जाऊन तिची बांडी शेळी घेऊन आली. काळी मधल्या काळात मेली, असं तिला सांगण्यात आलं. ती रानातून जाताना लिंबाजीच्या दाराशी थांबली. तो तुरुंगातून सुटून चार दिवस झाले होते. "काळी गेली बघ, यप्पा," ती म्हणाली. "ती गाभण होती." मग तिनं पदरातल्या चार शेंगा काढून सत्यभामेच्या हातावर ठेवल्या आणि निघून गेली.

लिंबाजी उमरग्याच्या आडतीवर पोती वाहू लागला. पहिले काही दिवस ओळखीचे ड्रायव्हर गाडी थांबवून विचारपूस करायचे, नंतर नुसता हात करायचे. दूधगाडीवर दुसरा माणूस आला होता. सकाळी आठ-साडेआठला ती आडतीसमोरून जायची. पाठीवर पोतं असो नसो, लिंबाजी तेव्हा मान वर करायचा नाही; पण गिअर कुठं चुकला ते त्याला आवाजावरून कळायचं.

ईरण्णानं नाक्यावर पंक्चरचं दुकान टाकलं होतं. चार बांबू, वर पत्रा, पाण्याची घमेली, एक हवेचा पंप. आडतीवरून घरी जायची वाट त्याच्यासमोरूनच होती. लिंबाजी रोज पलीकडच्या कडेनं जायचा. ईरण्णा रोज बघायचा. दोन पावसाळे असेच गेले. जयभीम नाही, रामराम नाही.

तिसऱ्या वर्षी, भादव्यातली एक दुपार. हैदराबादकडून आलेला एक ट्रक दुकानासमोर थांबला होता. मागचं आतलं चाक बसलं होतं. ट्रकचा ड्रायव्हर परप्रांतातला, जेवायला म्हणून पलीकडच्या खानावळीत निघून गेला होता. ईरण्णा जॅक हातात घेऊन उभा होता. त्याला गाडीखाली जाता येत नव्हतं. अशा कामाला तो एरवी कुणाला तरी हाक मारायचा, पण बाजाराचा दिवस असल्यानं आज आसपास कुणी मोकळं नव्हतं. त्यानं ताठ पाय बाजूला पसरून कुशीवर व्हायचं बघितलं, जमलं नाही, आणि बंपरला धरून पुन्हा उठला.

लिंबाजी पलीकडच्या कडेनं चालला होता. तो थांबला. मग रस्ता ओलांडून आला. डोक्याचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं आणि ईरण्णाच्या हातातून जॅक घेतला. ईरण्णानं तो सोडला.

लिंबाजी गुडघे टेकून गाडीखाली सरकू लागला. अर्धा आत गेला असेल, तेवढ्यात वरून ईरण्णाचा आवाज आला. उस्तादानं शिकाऊ माणसाला दरडावावं तसा.

"पुढच्या चाकाला दगड लाव आधी. उतार हाय."

लिंबाजी मागं सरकून बाहेर आला. दोन दगड शोधून त्यानं पुढच्या चाकाला नीट दाबून लावले आणि हलतात का ते हातानं बघितलं. मग पुन्हा गाडीखाली गेला.